फोटो हलला, की फोकस गेला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे, फोटो ब्लर येतात. कुणी कॅमेऱ्याला दोष दिलाय, कुणी लेन्सला, दोघातिघांनी तर ‘आता नवीन कोणता घेऊ’ असं थेटच विचारलंय. उत्तरांकडे वळायच्या आधी सगळ्यांनाच एक विनंती, ब्लर आलेला फोटो लगेच डिलीट करू नका. कॉम्प्युटरवर उघडा, शंभर टक्के झूम करा आणि नीट बघा, कारण काय बिघडलं ते त्या फोटोतच लिहिलेलं असतं. माणसं, भिंत, दिवे सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय आणि दिव्याच्या ठिपक्याची बारीक रेघ झालीये, तर तुमचा हात हललाय. भिंत आणि खुर्च्या अगदी कडक शार्प आणि फक्त नाचणारा माणूस पुसट, तर माणूस हललाय. माणूस मऊ मऊ दिसतोय पण त्याच्या पुढची कुंडी शार्प आहे, तर फोकस भलत्या जागी बसलाय. आणि सगळा फोटोच धुक्यातून काढल्यासारखा वाटतोय, दिव्यांभोवती वलयं आलीत, तर लेन्सच्या काचेवर बोटाचा डाग नाहीतर वाफ असणार. चारही प्रकारांना आपण ‘ब्लर’ म्हणतो पण उपाय चौघांचे वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काहीच फरक पडत नाही, मग आपण वैतागतो आणि दुकानात जातो.

प्रश्न : मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. माझ्याकडे डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स. ऑटोवर ठेवून शंभरेक फोटो काढले, धड पाचही आले नाहीत. नाचताना तिचा चेहरा आणि हात पुसलेले, मागचा बॅनर मात्र वाचता येतो आणि शेजारी नुसती उभी असलेली मुलगीही बरी आलीये. फ्लॅश चालू होता तरी असं. पुढच्या वर्षीही हेच होणार का?
— एक आई, नाशिक

उत्तर : शेजारी उभी असलेली मुलगी बरी आलीये हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. तुमचा हात स्थिर होता, फोकसही ठीक होता, फक्त तुमची मुलगी नाचत होती आणि कॅमेऱ्याने शटर फार वेळ उघडं ठेवलं. ऑटो मोडला काय माहीत समोर नाच चाललाय की भाषण, त्याला एवढंच कळतं की हॉलमध्ये अंधार आहे, म्हणून तो १/३० सेकंद वगैरे घेऊन बसतो आणि तेवढ्या वेळात मुलीचा हात पार कमरेपासून डोक्यापर्यंत जातो.

आता करायचं काय, तर मोडचं चाक फिरवून कॅननवर टीव्ही आणि निकॉन, सोनीवर एस या खुणेवर आणा. यात शटर स्पीड तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा बघतो. नाचासाठी किमान १/२५० ठेवा, जोरकस कोळीनृत्य किंवा लेझीम असेल तर १/५००. पण १/३० वरून १/२५० वर गेलात की प्रकाश आठपटीने कमी होतो, तो कुठून तरी भरून काढायलाच लागतो, आणि तो भरून काढायचं बटण म्हणजे आयएसओ, कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा. समजा ऑटोने आयएसओ ४०० घेतला होता, तर आठपट म्हणजे ३२००. हा आकडा बघून घाबरू नका. फोटोत दाणे येतील, लोक म्हणतील फोटो फाटला, म्हणू देत. दाणेदार पण शार्प चेहरा घरी अल्बममध्ये लागतो, गुळगुळीत पण पुसलेला चेहरा कुणीच लावत नाही. मी तर म्हणेन आयएसओची भीती हेच घरगुती फोटो ब्लर येण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, कधीतरी कुणीतरी सांगितलेलं असतं की आयएसओ वाढवू नको आणि ते डोक्यात बसलेलं असतं. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना ते खरंही होतं. आयएसओ ऑटोवर ठेवा आणि मेनूत जाऊन त्याची वरची मर्यादा ६४०० करून टाका.

दुसरी गोष्ट झूमची. तुमच्या लेन्सवर ३.५-५.६ असं लिहिलेलं असेल, त्याचा अर्थ १८ वर लेन्सचं भोक एफ ३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ वर फक्त एफ ५.६ पर्यंत. हिशेब केला तर १८ वर अडीचपट प्रकाश जास्त येतो. म्हणजे मागच्या रांगेत बसून झूम करण्यापेक्षा, मुख्याध्यापकांची परवानगी काढून स्टेजच्या बाजूला खाली बसा आणि झूम न करता काढा, त्याने जेवढा फायदा होईल तेवढा नवीन कॅमेऱ्यानेही कदाचित होणार नाही.

फ्लॅशचं म्हणाल तर कॅमेऱ्यावर उघडणारा छोटा फ्लॅश एफ ५.६ आणि आयएसओ १०० वर जेमतेम दोन मीटर पोचतो, आयएसओ ४०० केला तर चार मीटर. दहाव्या रांगेतून तो पुढच्या काकांच्या टकलावरच पडतो आणि मुलांच्या डोळ्यांत चमकतो ते वेगळंच. बंद ठेवा.

एक अडचण येऊ शकते ती आधीच सांगून ठेवते. आजकाल स्टेजवर एलईडी असतात, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून असे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, त्यामुळे १/५०० वर कधीकधी फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. पट्टे दिसले तर १/१०० वर या, आणि मग हालचाल थांबण्याचा क्षण पकडा. नाचात असे क्षण भरपूर असतात, उडी मारल्यावर सगळ्यात वर गेलेलं मूल क्षणभर थांबल्यासारखं असतं, लेझीममध्ये ठेक्यावर हात थांबतो, गिरकी संपली की मुलगी प्रेक्षकांकडे बघते. तिच्या नाचाची प्रॅक्टिस घरी चालू असेल ना, ती चार वेळा बघून ठेवा, थांबायच्या जागा तुम्हाला तोंडपाठ होतील. हे कुठल्याही मोडमध्ये नसतं, आईलाच जमतं.

प्रश्न : कॅमेऱ्यातून बघताना सगळंच पुसट दिसतं, पण काढलेले फोटो बरे येतात. लेन्स बिघडलीये का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं, अधिक-उणे लिहिलेलं, ते बहुतेक बॅगेत घासून फिरलंय. खिडकीतून आतले आकडे बघत ते चाक हळूहळू फिरवा, आकडे कडक दिसले की थांबा. चष्मा लावून बघणार असाल तर चष्मा लावूनच हे करा.

प्रश्न : दरवर्षी पालखी आमच्या गावात येते तेव्हा गोल रिंगणाचे फोटो काढतो. अश्व धावतो तेव्हाचा एकही फोटो स्वच्छ येत नाही, लांबट ओढलेला येतो नाहीतर मागची माणसं शार्प आणि अश्व धूसर. मित्र म्हणतो १/४००० लाव. पण मग फोटो काळा होतो. काय करावं?
— एक वाचक, अकलूज

उत्तर : रिंगणाचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुमच्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, ओढलेला म्हणजे स्पीड कमी, मागची माणसं शार्प म्हणजे फोकस मागे गेलाय. (कधीकधी हे दोन्ही एकाच फोटोत असतं.)

आधी स्पीड. धावणाऱ्या घोड्याचा वेग तासाला ४० किलोमीटर धरला तर तो एका सेकंदात ११ मीटर जातो, म्हणजे १/१०० सेकंदात ११ सेंटीमीटर आणि १/१००० मध्ये साधारण एक सेंटीमीटर. फोटोत आख्खा अश्व मावलेला असेल तर एक सेंटीमीटर हललेलं डोळ्याला फारसं कळत नाही, म्हणून १/१००० पुरतं, टापा आणि उडणारी माती एकदम गोठलेली हवी असेल तर १/२०००. १/४००० ची गरज नाही, आषाढातलं आभाळ भरलेलं असतं त्यामुळे तुमचा फोटो काळा होणारच. ढगाळ हवेत एफ ५.६, १/१००० ला आयएसओ ८०० ते १६०० लागतो, तेवढा खुशाल लावा. आणि अश्व तुमच्या समोरून आडवा जात असेल तेव्हा सगळ्यात जास्त स्पीड लागतो, तुमच्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा कमी, त्यामुळे रिंगणाच्या वळणावर अश्व समोरून येताना दिसेल अशी जागा धरलीत तर १/५०० वरही निभावतं.

फोकससाठी दोन रस्ते. एक म्हणजे सतत फोकस करत राहणारा मोड, कॅननला एआय सर्व्हो, निकॉन, सोनीला एएफ-सी, आणि फोकसचा मधला एकच चौकोन निवडायचा. पण रिंगणात पताका, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका अशी इतकी गर्दी असते की कॅमेरा गोंधळतो, म्हणून मला दुसरा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. अश्व कुठल्या वाटेने धावणार ते तर आधीच आखलेलं असतं, त्या वाटेवरच्या एका जागी, समजा एखाद्या दगडावर किंवा वाट राखणाऱ्या सेवेकऱ्याच्या पायांशी, आधी फोकस करून घ्या, मग लेन्सवरचं बटण ए वरून एम वर सरकवा म्हणजे फोकस हलणार नाही, आणि अश्व तिथं पोचायच्या किंचित आधी सलग फोटोंचा बार उडवा. पहिल्या फेरीत अंदाज घ्या, पुढच्या फेऱ्यांत हाताला लय सापडते. अश्व दोन असतात, पुढे स्वाराचा आणि एक देवाचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही, तर फोटो कोणाचा हवाय ते आधी मनाशी पक्कं करा, ऐनवेळी दोघांमध्ये कॅमेरा फिरवत राहिलं की एकही हाती लागत नाही.

धावणाऱ्या घोड्याचा फोटो हा तसा छायाचित्रणातला फार जुना ध्यास आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीनं १२ कॅमेरे मांडले, वाटेत दोऱ्या ताणल्या, घोडा धावत गेला तशी एकेक शटर सुटत गेली, आणि धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं. तो क्षण पाय लांब फेकलेले असताना येत नाही, पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा येतो. तुमच्या बारमधल्या सात-आठ फोटोंत तो शोधा, अश्व अधांतरी असलेला फोटो मिळाला तर वर्षभर पुरेल.

आणि एकदा तरी उलटं करून बघा. स्पीड १/६० वर आणा आणि अश्वाबरोबर कमरेतून वळत कॅमेरा फिरवत राहा, बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. अश्व बऱ्यापैकी शार्प आणि मागची सगळी गर्दी, पताका, भगव्या-पांढऱ्या रेघा होऊन वाहताना दिसते. वीसातला एखादा जमतो. हाही ब्लरच आहे पण आपण मुद्दाम आणलेला, आणि रिंगणाचा वेग मला त्याच फोटोत सगळ्यात जास्त जाणवतो.

प्रश्न : बाबांचा २००८ चा छोटा डिजिटल कॅमेरा कपाटात सापडला. कॉलेजात सगळे असेच कॅमेरे वापरतायत म्हणून मी पण घेऊन गेले. पण माझे अर्धे फोटो हललेले येतात. मोबाइलमध्ये तर असं होत नाही!
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मोबाइल एका टचमध्ये भराभर पाच-दहा फोटो घेऊन, ते एकमेकांवर बसवून तुला एक देतो. बाबांचा कॅमेरा एकच घेतो आणि तोही जरा विचार करून, त्यामुळे त्याला वेळ द्यायला लाग. बटण अर्धं दाब, हिरवा चौकोन येईल आणि टुक असा आवाज होईल, तिथं थांब, मग बाकीचं अर्धं हलकेच दाब, आणि दाबल्यावरही मनात एक आकडा मोजेपर्यंत हात खाली घेऊ नको. तुझे बरेचसे फोटो या शेवटच्या घाईतच हलत असणार. मोबाइलसारखे हात लांब करून धरू नको, कोपरं पोटाला टेकव. स्क्रीनवर थरथरणाऱ्या हाताचं चिन्ह दिसलं की समज, उजेड कमी पडतोय, मग फ्लॅश लाव नाहीतर भिंतीला टेक. झूम पट्टीवर मध्ये एक रेघ असते, तिच्या पुढचा झूम हा नुसता फोटो ताणून मोठा केलेला असतो, तिथं जाऊच नको. आणि बाबांना विचार, त्यांना हे सगळं आठवत असेल.

प्रश्न : वय ७१. निवृत्तीनंतर छंद म्हणून कॅमेरा घेतला. गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतो, त्याचे फोटो ५५-२५० च्या लेन्सने काढायचा प्रयत्न करतो. अलीकडे हात थोडे थरथरतात. मुलगा म्हणतो मोबाइलवर काढा. मन मानत नाही. काही मार्ग आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : काका, मार्ग आहे आणि एक नाही बरेच आहेत, कॅमेरा अजिबात ठेवून देऊ नका. शिंजीर मोबाइलवर ठिपक्याएवढा येईल. (थरथर नव्याने सुरू झाली असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, एवढं मात्र कराच.)

हातात धरून काढायचा जुना नियम असा की लेन्सचा आकडा जेवढा, तेवढ्याने एक सेकंद भागायचा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, म्हणून आकड्याला दीडने गुणा, २५० वर साधारण १/४०० येतं. हा तरण्या हातासाठीचा नियम झाला, तुम्ही १/८०० ते १/१००० धरा. शिंजीर स्वतःही क्षणभर स्थिर नसतो त्यामुळे त्याच्यासाठीही तोच स्पीड लागणार आहे. सकाळी आठ-नऊचं ऊन जास्वंदीवर येत असेल तर हा स्पीड सहज मिळतो.

लेन्सवर स्थिरीकरणाचं बटण असेल, आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं, ते चालू आहे ना बघा. ही सोय असलेली, बदलून लावता येणारी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली आणि माझ्या मते तुमच्या वयाच्या छायाचित्रकारांवर तिचे फार उपकार आहेत. बटण अर्धं दाबून एक सेकंद थांबलात की चित्र खिडकीत तरंगायचं थांबतं, ते जाणवेल तुम्हाला. पण ती तुमच्या हाताचं हलणं थोपवते, पक्ष्याचं नाही, म्हणून स्पीड सोडायचा नाही.

आता घरगुती उपाय. कापडी पिशवीत किलो-दीड किलो तांदूळ भरा, तोंड शिवून टाका, थोडी सैलसर ठेवा. गॅलरीच्या कठड्यावर ती पिशवी आणि तिच्यावर लेन्स रुतवून ठेवायची, शिंजीर ज्या फुलावर येतो त्याच्याकडे तोंड करून, आणि आपण खुर्चीत बसायचं. ट्रायपॉडपेक्षा हे मला जास्त आवडतं कारण पक्षी सरकला की लगेच वळवता येतं. बाहेर फिरायला जाताना दोरीची युक्ती करा, कॅमेऱ्याच्या खाली ट्रायपॉडचं जे भोक असतं त्याचे आटे पाव इंची असतात, हार्डवेअरच्या दुकानात कॅमेरा घेऊनच जा आणि बसेल असा आखूड बोल्ट मागा, त्याला दणकट सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणून धरायचा. बोल्ट हातानेच बसवा, पान्याने आवळू नका. दोरी ताणलेली राहिली की हाताची वरखाली थरथर बरीच मरते. आणि प्रत्येक वेळी एक नाही, चार-पाच फोटो सलग काढा. पहिला बोटाच्या दाबाने हलतो, शेवटचा बोट उचलताना, मधले चांगले निघतात.

शिंजीर मिळाला की मला नक्की पाठवा.

प्रश्न : सगळ्यांनी सांगितलं म्हणून ५० एफ १.८ लेन्स घेतली. बाळाचे फोटो काढते. मागचं मस्त धूसर होतं पण बाळाचा एक डोळा शार्प आणि दुसरा नाही. कधी नाक शार्प. लेन्स फॉल्टी असेल का?
— एक नवी आई, ठाणे

उत्तर : लेन्स बहुतेक ठीक आहे. दीड मीटरवरून एफ १.८ ला काढलात तर साधारण सहा सेंटीमीटरची पट्टी शार्प येते आणि एक मीटरवर आलात तर अडीच सेंटीमीटरच. बाळाने मान किंचित वळवली तरी दुसरा डोळा त्या पट्टीच्या बाहेर जातो. खिडकीजवळ उजेड असेल तेव्हा एफ ४ वर या, दीड मीटरवर पट्टी चौदा सेंटीमीटरची होते, पूर्ण चेहरा मावतो आणि मागचं तरीही बऱ्यापैकी धूसर राहतं. फोकसचा चौकोन कॅमेऱ्याला निवडू देऊ नका, तो सगळ्यात जवळची वस्तू धरतो आणि ती म्हणजे नाक. एकच चौकोन निवडून तो जवळच्या डोळ्यावर न्या. चौकोन मध्यावर ठेवून डोळ्यावर फोकस करायचा आणि मग कॅमेरा सरकवायचा ही सवय एफ १.८ वर महागात पडते, तेवढ्या सरकवण्यातच फोकस दोन सेंटीमीटर जातो. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर डोळा ओळखणारा फोकस असतो, तो डोळे झाकून चालू करा.

आणि ही लेन्स साधारण ३५ ते ४५ सेंटीमीटरच्या आत फोकसच करू शकत नाही, त्यामुळे बाळाच्या बोटांचे अगदी जवळून फोटो हवे असतील तर सोबतची १८-५५ लावा, ती २५ सेंटीमीटरपर्यंत जाते.

प्रश्न : भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. ट्रायपॉड बोटीत नेला, तरी सगळे फोटो मऊ. लेन्स ७०-३००.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, उलट इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. लेन्स बोटीच्या काठावरही टेकवू नका, स्वतः फळीवर बसा आणि कॅमेरा हातात धरा, आपलं अंग ती थरथर गिळतं. नावाड्याला इंजिन बंद करून बोट वाहू द्यायला सांगा, ते आनंदाने ऐकतात. स्पीड उभ्या पक्ष्यांना १/१०००, उडणाऱ्यांना १/१६०० किंवा जास्त.

पण तुम्ही किती वाजता गेला होतात ते लिहिलं नाहीत. ऊन चढल्यावर उजनीच्या पाण्यावरची हवा तापते आणि लांबचं सगळं थरथरायला लागतं, डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं तसं. त्यावर कुठल्याही कॅमेऱ्यात सेटिंग नाही, लाखाची लेन्सही तिथं मऊच फोटो देते. उजाडताना पाण्यात असा, नऊ-साडेनऊला परत या. अंतर कमी करायच्या नादात बोट थव्यात घालू नका, पक्षी उडवून काढलेला फोटो कितीही शार्प आला तरी मला बघवत नाही, खायच्या वेळी त्यांना उठवलेलं असतं.

प्रश्न : जत्रेत देवळाचा दीपस्तंभ पेटवतात त्याचा रात्री ट्रायपॉडवरून फोटो काढला, चार सेकंद. तरीही ज्योती दुहेरी आल्यात. ट्रायपॉड असून असं कसं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दुहेरी ज्योत म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलून परत जागेवर आलाय. दोन सेकंदाचा टायमर लावा, हात लावायचाच नाही. लेन्सचं स्थिरीकरण बंद करा, बऱ्याच लेन्स ट्रायपॉडवर नसलेली थरथर शोधत बसतात आणि स्वतःच चित्र हलवतात. गळ्याचा पट्टा काढून ठेवा, वाऱ्याने तो फडफडतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढला असेल तर खाली करा. अंधारात फोकस भरकटतो, म्हणून स्क्रीनवर एक पणती दहापट मोठी करून हाताने फोकस करा. तेलाची ज्योत मात्र स्वतःच वाऱ्याने हलते, चार सेकंदांत ती थोडी पसरणारच, ती हवी तितकी टोकदार करायची असेल तर आयएसओ १६०० करून अर्ध्या सेकंदाच्या आसपास या.

चार सेकंद किंवा जास्त ठेवलात तर समोरून जाणारी माणसं जवळजवळ नाहीशी होतात, त्याचाही उपयोग करून घेता येतो. १८३८ साली दागेर या छायाचित्रणाच्या फ्रेंच आद्य संशोधकाने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला, त्यात घोडागाड्या आणि माणसं कुणीच उमटलं नाही कारण प्रकाश काही मिनिटं घ्यावा लागला, फक्त एकजण बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता तो तेवढा आला. तुमच्या जत्रेतही हात जोडून थांबलेला माणूस उमटेल आणि गर्दी विरून जाईल. करून बघा, सुंदर दिसतं.

प्रश्न : आई मार्चमध्ये गेली. तिचा हसतानाचा शेवटचा फोटो माझ्या भावाने काढलेला, कॅमेऱ्याचा आहे पण हललाय. फ्रेम करून लावायचाय. एका अ‍ॅपमध्ये टाकला तर शार्प झाला पण ती आई वाटत नाही. काय करू?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला जे वाटलं ते बरोबर आहे. हाताने ओढला गेलेला फोटो अ‍ॅप परत आणू शकत नाही, पापण्या आणि डोळ्यांतली चमक ते स्वतःच्या मनाने नव्याने काढतं, हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेली. म्हणून ती आई वाटत नाही, कारण डोळे तिचे उरलेले नसतात. तो फोटो ठेवू नका.

मूळ फोटोच वापरा पण लहान छापा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० गुणिले ४००० ठिपके असतात, ४ गुणिले ६ इंचाच्या प्रिंटला १८०० गुणिले १२०० पुरतात. म्हणजे कॉम्प्युटरवर दहा ठिपक्यांएवढं जे हललेलं दिसतंय ते प्रिंटवर तीनच ठिपक्यांचं होतं, आणि तेवढं डोळ्याला जवळजवळ कळत नाही. आधी दुकानात एकच ४ गुणिले ६ काढून बघा, चांगला वाटला तर ५ गुणिले ७. त्याहून मोठा नको. फ्रेम मोठी हवी असेल तर फोटो लहानच ठेवून भोवती रुंद पांढरा माउंट लावायला सांगा, भिंतीवर छान भारदस्त दिसतं. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर कडा जास्त उघड्या पडतात. फोटो कृष्णधवल करून बघायलाही हरकत नाही, पण तिच्या साडीचा रंग तुम्हाला हवा असेल तर राहू द्या.

आणि प्रिंटला देताना भावाकडून कॅमेऱ्याच्या कार्डातली किंवा कॉम्प्युटरवरची मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली नको, ती बारीक होऊन आलेली असते. त्याने पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कार्डात त्याच वेळचे आगेमागे काढलेले आणखी फोटो आहेत का तेही एकदा बघायला सांगा, हललेले समजून बाजूला टाकलेले असतात त्यात कधीकधी एखादा बरा निघतो.